पोटावरच्या रेघा आणि दसऱ्याची ऑफर

'डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी ३१ वर्षांची, मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी सिझर होऊन मुलगी झाली. सातव्या महिन्यापासून पोटावर जांभळट रेघा उमटल्या. त्या आता पांढुरक्या झाल्यात, आणि बेंबीखालची कातडी चुरगळल्यासारखी दिसते. आई तेव्हा रोज म्हणायची, खाजवू नको, वळ उठतील. मी खाजवलं. डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे. एका लेसर सेंटरमध्ये चौकशी केली, तर सहा सिटिंगचं पॅकेज ५४ हजारांचं निघालं. दसऱ्याआधी पैसे भरले तर ४५ हजार, आणि रेघा शंभर टक्के जातील म्हणतात. सासूबाई म्हणतात, "कोनाले दाखवाचं हाय पोट? काऊन पैसे घालून राहिली?" नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर. घेऊ का पॅकेज? मुलगी अजून रात्री अंगावर पिते. दोन वर्षांत दुसरं मूल हवंय, तेव्हा या रेघा परत येतील का? ता. क. माझ्या १९ वर्षांच्या दिराला जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला अशाच लालसर रेघा आल्यात. जिममुळे असतील ना? खाजही येते, पण मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की बरं वाटतं.'

तुमच्या पत्राचं उत्तर मी ता. क. पासून सुरू करते. तुमच्या पोटाला घाई नाही, दिराच्या जांघेला आहे.

ती ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. बहुतेक वेळा त्याच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध आणि एखादं अँटिबायोटिकही घातलेलं असतं. गजकर्णाची, म्हणजे बुरशीची, खाज स्टेरॉइडने दोन दिवसांत थांबते, म्हणून पोरगं खूश. बुरशी मात्र मरत नाही. शरीराची जी फौज तिला आवरून धरते, तिलाच स्टेरॉइडने झोपवलेलं असतं. मग ती निवांत पसरते, ट्यूब थांबवली की दुप्पट खाजवते, आणि पोरगं पुन्हा दुकानात. जांघेतली कातडी मुळात पातळ, त्यात घडी आणि घाम, त्यामुळे तिथे औषध जास्त मुरतं. कातडी आतून झिजते आणि रेघा पडतात. जिमच्या रेघा खांद्यापुढे, काखेजवळ, दंडावर येतात. जिथे ट्यूब फासली बरोबर तिथेच रेघा असतील, तर जिमला दोष देऊ नका.

आपल्या नागपुरात 'मेडिकल' म्हटलं की दोन गोष्टी निघतात, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान आणि मेडिकल चौकातलं सरकारी हॉस्पिटल. खाज सुटली की लोक पहिल्या मेडिकलमध्ये जातात, जायला हवं दुसऱ्यात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवर 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की काय हातात पडतं, ते तुमच्या दिराला विचारा.

त्याला या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. थोड्या जागेवर, थोडे आठवडे लावत असेल तर ट्यूब आजच बंद. पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढेल, तेवढ्याने घाबरून पुन्हा लावायची नाही. पण महिनोन्महिने, मोठ्या भागावर थापत आला असेल, चेहरा गोल झाला असेल, जरा लागलं तरी काळंनिळं पडत असेल, तर स्वतःहून एकदम बंद न करता आधी डॉक्टर. बुरशीसाठी पोटातून गोळ्या लागतील, इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन. कोणती आणि किती आठवडे, ते डॉक्टर तपासून ठरवतील. टॉवेल वेगळा, आतले कपडे कडक उन्हात वाळवलेले, घट्ट जीन्स काही दिवस कपाटात. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यालाही सोबत न्या, नाहीतर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहतं. वेळेत थांबला तर त्याच्या रेघा फिकट होतील. पूर्ण पुसल्या जाणार नाहीत, हे त्याला आत्ताच सांगितलेलं बरं.

आता तुमच्याकडे येते.

मी कोष्ट्यांच्या घरातली. आजी जुनं लुगडं खिडकीच्या उजेडात आडवं धरून बघायची. कुठे फाटलेलं नसायचं, पण एखाद्या पट्ट्यात धागे एकमेकांपासून दूर सरकलेले आणि पलीकडचा उजेड जास्त दिसणारा. 'विरलं गं,' म्हणायची. पोटावरच्या रेघा म्हणजे हेच विरणं. वरची कातडी अखंड असते. तिच्या खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात. ते पोटाच्या वाढीबरोबर ताणले जातात आणि गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे जरा सैलावलेलेही असतात. ताण सोसेनासा झाला की धागे तुटतात, आणि शरीर तिथे घाईघाईने डागडुजी करतं. ती डागडुजी म्हणजे रेघ, एक प्रकारचा आतला व्रण.

नखं त्या थरापर्यंत पोचतच नाहीत. तुम्ही खाजवलं म्हणून रेघा पडल्या नाहीत. कातडी ताणली जात होती म्हणून खाज येत होती, आणि त्याच ताणाने रेघाही पडत होत्या. आई दोन्ही गोष्टी एकत्र बघत आल्या, म्हणून त्यांनी एकीला दुसरीचं कारण मानलं. ओपीडीत दर आठवड्याला एखादी तरी बाई मला हे अपराध्यासारखं सांगते. रेघा कोणाला पडणार हे बरंचसं घराण्यावर असतं. आईला, मावशीला होत्या का ते विचारा. शिवाय पहिलं बाळंतपण कमी वयात झालं, वजन भराभर वाढलं, बाळ वजनदार असलं, तर शक्यता वाढते. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना त्या येतातच.

तेलाचंही इथेच उरकते. खोबरेल, बदाम, ऑलिव्ह, काहीही चोळा, कातडी मऊ राहते, खाज कमी होते, आणि कोणी दहा मिनिटं हलक्या हाताने पोट चोळून दिलं तर बरं वाटतं. रेघा मात्र अडत नाहीत. कोको बटरवर २००८ मध्ये लेबनॉनमधल्या गर्भवतींवर रीतसर चाचणी झाली. निम्म्या जणींना कोको बटरचं लोशन, निम्म्या जणींना तसंच दिसणारं साधं लोशन. रेघा दोन्हीकडे सारख्याच. पुढे जमैकातल्या चाचणीतही तेच दिसलं. तेव्हा तेलाच्या बाटलीवर हजार रुपये घालायचे असतील तर ते मालिशच्या सुखासाठी घाला.

रेघांची दोन वयं असतात, आणि उपचाराचं निम्मं गणित त्यावरच ठरतं. कोवळ्या रेघा लाल किंवा जांभळट असतात, कारण तिथे रक्तवाहिन्या फुललेल्या असतात आणि आत दुरुस्ती चालू असते. जुन्या झाल्या की रक्त ओसरतं, रंगद्रव्य कमी होतं, आणि उरते पांढुरकी, किंचित खोलगट, सुरकुतलेली पट्टी. कोवळ्या रेघांवर औषध चालतं, जुन्यांवर फार थोडं. तुमच्या पांढुरक्या झाल्यात. म्हणजे मलमाची वेळ बरीचशी गेली आहे.

त्या मलमाचं नाव ट्रेटिनॉइन. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कोवळ्या रेघांवर ०.१ टक्क्याचं ट्रेटिनॉइन २४ आठवडे रोज लावलं गेलं. रेघांची लांबी सरासरी १४ टक्क्यांनी आणि रुंदी ८ टक्क्यांनी कमी झाली. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण चांगल्या औषधाने, कोवळ्या रेघांवर, सहा महिने नेमाने लावून एवढं मिळतं. आणि तुम्हाला कोणी शंभर टक्क्यांची भाषा करतं आहे. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही, बाळ पीत असतानाही आम्ही ते टाळतो. तुमच्यासाठी ते आत्ता बादच.

तुम्ही चौकशीला गेलात तेव्हा त्या सेंटरमध्ये तुम्हाला काय काय विचारलं? पत्रात तुम्ही पॅकेज लिहिलंय, सवलत लिहिलीय, शंभर टक्के लिहिलंय. बाळ अंगावर पितं का, दुसरं मूल हवं आहे का, हे कोणी विचारल्याचं कुठेच नाही. पोट बघितल्याचंही नाही. तुमच्यासारखीच्या बाबतीत माझा निर्णय या दोन प्रश्नांवरच अडतो. अंगावर दूध असताना लेसर करूच नये असा पक्का नियम नाही. पण चौदा महिन्यांपूर्वीच्या बाळंतपणाच्या रेघा अजून थोड्या फिकट होण्याच्या वाटेवर असतात, आणि दोन वर्षांत पुन्हा तेच पोट ताणलं जाणार आहे. जुन्या रेघा परत 'येत' नाहीत, त्या असतातच. त्यांच्या शेजारी नव्या येऊ शकतात, कधी जुन्याच रुंदावतात. आज ४५ हजार घालून केलेलं काम दुसऱ्या बाळंतपणात मोडणार असेल, तर ते आज कशाला करायचं? रंगकाम करायचं ठरवून कोणी आधी भिंती रंगवतो आणि मग वायरिंगसाठी फोडतो का?

लेसरबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जाहिरातीत सगळ्या मशीनना एकच नाव असतं. लाल रेघांसाठी पल्स्ड डाय नावाचं लेसर असतं. ते रक्ताच्या लालीवर काम करतं, त्यामुळे पांढऱ्या रेघेत त्याला धरायला काही सापडत नाही. शिवाय आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्याची उष्णता रंगद्रव्यच पकडतं. पांढऱ्या रेघांसाठी वापरतात ते फ्रॅक्शनल लेसर. ते कातडीला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं पाडतं, मधली मधली कातडी शाबूत ठेवतं, आणि त्या छोट्या जखमा भरून येताना नवं कोलॅजन तयार होतं. यात कार्बन डायऑक्साइड लेसर जास्त जोरकस. १५४० किंवा १५५० नॅनोमीटरचं जरा सौम्य, वरची साल न काढणारं. रेघ थोडी भरते, सुरकुती कमी दिसते, कडा आजूबाजूच्या कातडीत मिसळतात. आजी विरलेल्या लुगड्याला रफू करायची तेव्हा लांबून कळायचं नाही, हात फिरवला की कळायचं. तसंच हे.

आणि धोका. गोऱ्या देशांतल्या फोटोंवरून आपण हुरळतो, पण कातडीच्या रंगाचे सहा प्रकार करणाऱ्या फिट्झपॅट्रिकच्या मापात आपली कातडी बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. तिला जराही इजा झाली की ती काळा डाग धरते. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगते. मशीन नवं होतं आणि माझा हात उत्साही. एका बाईच्या पोटावर मी कार्बन डायऑक्साइड लेसर केलं, आधी छोट्या जागेवर करून न बघता, आणि ताकद जरा जास्त ठेवून. तीन आठवड्यांनी ती आली आणि पदर बाजूला केला. पोटावर मशीनच्या टोकाच्या मापाचे चौकोन उठले होते, प्रत्येक चौकोनात काळ्या टिंबांच्या ओळी, जणू कोणी गणिताच्या वहीत पेनाने एकेक घर भरलं होतं. रेघा होत्या तिथेच होत्या. ते चौकोन पुसट व्हायला सात महिने लागले. बाई भांडली नाही. 'मॅडम, आधी तं फक्त रेघाच होत्या ना,' एवढंच म्हणाली. तिचे पैसे मी परत केले, पण त्याने चौकोन गेले नाहीत.

आता पोट बघायच्या आधी मी दोन गोष्टी बघते. एक, सिझरचा टाका. तो सपाट आणि बारीक बसला असेल तर ठीक. जाड, उंच, खाजरा, कडेने वाढलेला असेल, तर ती कातडी जखमेला जरा जास्तच उत्तर देते. तिला सुया आणि लेसर दोन्ही लांबून दाखवायचे. दोन, मी विचारते, डास चावला की डाग किती दिवस राहतो? दोन-चार दिवस म्हणाल्या तर बरं. 'गेल्या पावसाळ्याचे अजून आहेत' असं म्हणत सलवार वर करून दाखवलं, तर मी मशीनचा प्लग काढते. हे दोन्ही तुम्ही घरी, आरशासमोर बघू शकता. पॅकेजच्या कागदापेक्षा जास्त माहिती तिथे मिळेल.

पांढऱ्या रेघांमध्ये रंग भरण्यासाठी एक्सायमर नावाचं, ३०८ नॅनोमीटरचं लेसर आहे, कोडावरही तेच वापरतात. रंग येतो, पण टिकवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि आजूबाजूची कातडी जास्त काळवंडली तर रेघ उलट उठून दिसते. मी सहसा सुचवत नाही.

मग मी काय करते? आपल्या कातडीसाठी माझा पहिला हात सुयांकडे जातो. पोटाला भूल देणारं क्रीम लावून पाऊण तास बसायचं, मग दीड-दोन मिलिमीटर लांबीच्या निर्जंतुक सुयांचं यंत्र रेघांवरून फिरवायचं. रक्ताचे बारीक थेंब येतात, टाचणी टोचल्यासारखे. दोन-तीन दिवस लाली राहते. उष्णता न वापरल्यामुळे काळे डाग पडायची शक्यता लेसरपेक्षा कमी, शून्य नव्हे. याचंच पुढचं रूप म्हणजे सुयांच्या टोकातून रेडिओलहरींची उष्णता खोल सोडणारं यंत्र. सैल कातडीला ते थोडं जास्त उपयोगी पडतं, आणि वरचा थर भाजायची शक्यता कमी असते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा सिटिंग लागतात. फरक शेवटच्या सिटिंगनंतरही काही महिने हळूहळू दिसत राहतो, कारण कोलॅजन आपल्या चालीने बनतं. काही ठिकाणी सोबत पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव, टोचतात. छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय, पण तेवढ्यासाठी बिल दीडपट करायचा मी आग्रह धरत नाही. आणि हे घरी करायचा रोलर ऑनलाइन मिळतो, तो मागवू नका. चार मैत्रिणींत फिरलेल्या रोलरने पोटभर फोड आलेली मुलगी मी पाहिली आहे.

बेंबीखालची चुरगळलेली कातडी हा वेगळा विषय आहे, आणि त्याबद्दल खोटी आशा देणार नाही. तिथे रेघांपेक्षा सैलपणा जास्त दिसतोय. तिला मशीनने थोडासा घट्टपणा येतो, बस. ती खरोखर काढायची तर पोटाची शस्त्रक्रिया, टमी टक. त्यात बेंबीखालचा कातडीचा पट्टा रेघांसकट निघतो, आणि बदल्यात कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाक्याची रेघ मिळते. केवळ रेघांसाठी ती करू नये, आणि मुलं व्हायची असताना तर विचारही नको.

डिसेंबर हातात आहे असं तुम्हाला वाटत असेल. पण सहा सिटिंग महिन्या-महिन्याने करायच्या तर त्या मार्चपर्यंत जातात, आणि फरक दिसायला मे अखेरचा नवतपा उजाडेल. तोवर नणंद माहेरपणालाही येऊन गेलेली असेल. लग्नाच्या दिवशी तुमचं पोट सर्वांत वाईट अवस्थेत असू शकतं, दोन सिटिंग झालेलं, खपल्या धरलेलं, आणि त्यावर परकराची नाडी घासतेय. नाडी हा आमच्या धंद्यातला मोठा शत्रू आहे. उपचार झालेल्या कातडीवर ती दिवसभर आवळलेली राहिली की बरोबर कमरेच्या रेषेत काळा पट्टा उमटतो. ज्यांना उपचार करते त्यांना दहा दिवस सैल सुती गाउन घालायला सांगते. लग्नघरात गाउनवर कोण राहणार? लग्नासाठी कॅमोफ्लाज मेकअप घ्या, कोड किंवा भाजल्याचे डाग झाकायला वापरतात तो. घामात टिकतो. कातडीच्या रंगाशी जुळवून, आधी दोन दिवस हातावर लावून बघा.

सासूबाईंचा प्रश्नही टाकून देण्यासारखा नाही, फक्त त्यांनी तो चुकीच्या माणसाला विचारलाय. पोट कोणाला दाखवायचं नसलं तरी रोज आंघोळ करताना ते तुम्हालाच दिसतं. माझ्या स्वतःच्या पोटावर दोन बाळंतपणांच्या रेघा आहेत, मशीन शेजारच्या खोलीत असूनही मी त्या ठेवल्यात. कारण मला त्यांचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटतं, तर उपचार करून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. माझं भांडण वेळेशी आणि त्या शंभर टक्क्यांशी आहे.

तेव्हा पॅकेज घेऊ नका. दसरा दरवर्षी येतो, ऑफरही. दुसरं मूल होऊ द्या, अंगावरचं दूध सुटू द्या, त्यानंतर सहा महिने-वर्षभर रेघा आपोआप किती फिकट होतात ते बघा. मग वाटलं तर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी केलेल्या, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरकडे जा. उपचार स्वतः डॉक्टर करणार की मशीनवरची मुलगी, हे विचारा. पोटाच्या एका कोपऱ्यावर, रुपयाएवढ्या जागेत आधी करून बघायला सांगा आणि सहा-आठ आठवडे थांबा. काळं पडलं नाही तर पुढे जा. पैसे सिटिंगगणिक द्या. पहिल्या दिवशी एकाच खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी फरक पडला की नाही यावर नवऱ्याशी वाद होईल. शक्य तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर, घामाने पोट चिपचिपलेलं, आणि त्यावर ताज्या जखमा, असं दृश्य मला नको असतं. विमा यात काही देत नाही, तेवढं गृहीत धरा. नुसतं मत हवं असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या सरकारी हॉस्पिटलांच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. रांग असते, पण तिथे कोणी तुम्हाला पॅकेज विकणार नाही.

दुसऱ्या खेपेसाठी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, कारण तेव्हा हे पत्र हाताशी नसेल. पोट खाजणं नेहमीचं. पण शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजायला लागले, तेही रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ काहीच नाही, तर ते कातडीचं दुखणं नसून यकृताचं असू शकतं. त्यात बाळाला धोका असतो. तेल चोळत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासा.

आणि दिराला पाठवताना ट्यूब फेकून देऊ नका. मुलं लाजतात, ट्यूब लपवतात, आणि डॉक्टरसमोर 'साधंच क्रीम होतं' म्हणतात. तीच ट्यूब, पिळून चपटी झालेली का असेना, त्याच्या खिशात असू द्या.